चहाच्या चोथ्यापासून शिशाच्या खाणीपर्यंत

२०२५च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून चहाविषयी एक शोधनिबंध आला आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी तो उचलून धरला. मुंबई आयआयटीचे माजी विद्यार्थी प्रा. विनायक द्रविड यांच्या गटाने पाण्यात मोजून शिसं मिसळलं, त्यात चहा मुरवला, मग चहा काढून उरलेल्या पाण्यातलं शिसं पुन्हा मोजलं. मगभर गरम पाण्यात चहाची एक पिशवी तीन ते पाच मिनिटं ठेवली, तर सुमारे १५ टक्के शिसं कमी होतं, असं दिसलं. पिशवी जास्त वेळ ठेवली तर आणखी कमी होतं. नायलॉनच्या आणि सुती पिशव्यांनी स्वतः जवळजवळ काहीच धरलं नाही. लाकडाच्या लगद्याच्या पिशव्यांनी मात्र भरपूर शिसं ओढून घेतलं.

हा चहा कोरा होता. आपल्याकडचा दूध-साखर घालून उकळलेला चहा त्या प्रयोगात नव्हता, त्यामुळे अमृततुल्यवाल्यांनी लगेच पाटी लावायचं कारण नाही. आणि १५ टक्के कमी झालं म्हणजे ८५ टक्के पोटात गेलंच. संशोधकांनीही चहाला जलशुद्धीकरणाचं साधन म्हटलेलं नाही. पण त्या निमित्ताने एक जुनी गोष्ट पुन्हा लोकांसमोर आली: झाडापासून उरलेल्या कुठल्याही टाकाऊ वस्तूला, मग तो चोथा असो, साल असो, भुसा असो की टरफल, पाण्यात विरघळलेले जड धातू चिकटतात. केळीची साल, संत्र्याची साल, भाताचं तूस, उसाची चिपाडं, नारळाचा काथ्या, भुईमुगाची टरफलं, कडुनिंबाचा पाला, बाभळीची साल. स्वयंपाकघरातून आणि शेतातून उचलावी ती वस्तू कुणी ना कुणी प्रयोगशाळेत नेलेली आहे आणि बहुतेकींचा निकाल चांगलाच आलेला आहे. मग इतक्या वर्षांत आपल्या एखाद्या प्लेटिंगच्या कारखान्यामागे केळीच्या सालीची टाकी का दिसत नाही, हा खरा प्रश्न.

आधी साल धातू पकडते कशी, ते पाहू. पाण्यातलं शिसं डोळ्यांना दिसत नाही आणि चवीलाही कळत नाही. ते तिथे विद्युतभारित कणाच्या, म्हणजे आयनच्या रूपात असतं आणि त्याच्यावर दोन धन भार असतात. उकळून ते उडून जात नाही. उलट पाणी आटतं आणि शिशाचं प्रमाण वाढतं. तुरटी गढूळपणा खाली बसवते, निवळीचं बी किंवा शेवग्याच्या बियांची पूडही तेच काम करते, पण विरघळलेल्या धातूला खाली बसवणं हे निराळं काम आहे.

झाडाच्या पेशीची भिंत सेल्युलोज, हेमिसेल्युलोज, लिग्निन आणि पेक्टिन यांची बनलेली असते. या लांबलचक साखळ्यांवर ठिकठिकाणी ऑक्सिजन असलेले रासायनिक गट लोंबत असतात. त्यांतले कार्बोक्सिल गट सर्वांत कामाचे. पाण्यात ते आपला हायड्रोजन सोडून देतात आणि ऋणभारित होतात. झाड जिवंत असताना या जागांवर बहुधा कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम बसलेलं असतं. शिसं आलं की एसटीतल्या सीटसारखं होतं: कॅल्शियम उठतं, शिसं बसतं. फरक इतकाच, की शिशाची पकड घट्ट असते, ते सहजासहजी उठत नाही. याला आयन-विनिमय म्हणतात. घरात पाण्याचा जडपणा घालवणाऱ्या यंत्रात जी कृत्रिम रेझिन असते, ती हेच काम करते. लिग्निन आणि टॅनिनमधले फेनॉल गटही धातूला धरतात, पण त्यांची तऱ्हा थोडी वेगळी. तिच्याकडे पुढे येऊ.

यासाठी झाड जिवंत असावं लागत नाही, हे महत्त्वाचं. जलपर्णी जिवंतपणी पाण्यातून धातू शोषते, ती जीवनक्रिया झाली. वाळवलेल्या जलपर्णीच्या मुळांची पूडसुद्धा धातू पकडते, आणि हे निव्वळ रसायन आहे. त्यामुळेच ते वेगाने घडतं. बहुतेक प्रयोगांत निम्म्याहून जास्त काम पहिल्या काही मिनिटांतच उरकतं आणि तासा-दोन तासांत पुढे काही घडेनासं होतं.

पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, यात सर्वांत निर्णायक. पाणी फार आम्ल असेल, तर हायड्रोजनच सगळ्या जागा अडवून बसतो आणि धातू बाहेर राहतो. सामू पाचच्या आसपास आला की शिसं, तांबं, कॅडमियम उत्तम चिकटतात. आणखी वर नेला, तर काही धातू आपणहून हायड्रॉक्साइड होऊन तळाशी बसू लागतात. घाईत केलेल्या प्रयोगात त्याचंही श्रेय सालीच्या नावावर जमा होतं. या विषयावरचे शोधनिबंध वाचताना मी आधी सामूचा आकडा बघतो, टक्केवारी नंतर.

संत्र्याच्या सालीची गोष्ट या रसायनामुळेच रंजक होते. तिच्यात पेक्टिन भरपूर, पण पेक्टिनचे बरेचसे कार्बोक्सिल गट मिथाइल गटाने झाकलेले असतात. ते झाकण काढायला महागडं रसायन लागत नाही, चुन्याची निवळी पुरते. जपानमधल्या सागा विद्यापीठात कात्सुतोशी इनोए यांच्या गटाने रस काढून उरलेल्या संत्र्याच्या चोथ्यावर चुन्याची प्रक्रिया केली. झाकणं निघाली, मोकळ्या झालेल्या जागांवर कॅल्शियम बसलं आणि धातू पकडायची क्षमता वाढली. पुढे त्यांनी त्यावर लोहासारखे धातू चढवून आर्सेनिकही पकडून दाखवलं. आर्सेनिकचा मामला उलटा आहे. ते पाण्यात बहुधा ऋणभारित किंवा भाररहित असतं, म्हणून नुसत्या सालीकडे फिरकत नाही. मध्ये लोहासारखा दुवा लागतो. ‘साल सगळे धातू काढते’ असं कुणी सांगितलं, तर कोणता धातू, हे विचारावं.

क्रोमियमची गोष्ट तर वैज्ञानिकांचेही डोळे उघडणारी आहे. क्रोम प्लेटिंगच्या सांडपाण्यात क्रोमियम सहा संयुजेच्या रूपात असतं. हे रूप कर्करोगकारक आणि पाण्यात सहज फिरणारं. तेही ऋणभारित असतं. लाकडाचा भुसा, चहाचा कचरा, नारळाचा काथ्या अशा कितीतरी गोष्टींनी ते आम्ल पाण्यात ९०-९५ टक्के ‘काढलं’, असे निष्कर्ष वर्षानुवर्षं छापून येत होते. २००४-०५च्या सुमारास दक्षिण कोरियात पोहांगच्या विद्यापीठात डाँघी पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधा प्रश्न विचारला: तुम्ही पाण्यात मोजता काय? अनेक जण फक्त सहा संयुजेचं क्रोमियम मोजत होते. ते नाहीसं झालं, म्हणजे सालीला चिकटलं, असं धरून चाललं होतं. प्रत्यक्षात मृत जैवपदार्थ त्याला इलेक्ट्रॉन देऊन तीन संयुजेचं करत होता. त्यातलं काही सालीला चिकटत होतं आणि काही पाण्यातच राहत होतं, पण ते कुणी मोजतच नव्हतं.

हा शोध निराशाजनक मानायचं कारण नाही. तीन संयुजेचं क्रोमियम पुष्कळ कमी विषारी असतं आणि चुन्याने ते खाली बसतं. आज कारखान्यांत हेच दोन पायऱ्यांनी करतात: आम्ल पाण्यात सोडियम मेटाबायसल्फाइट किंवा फेरस सल्फेट घालून क्रोमियम तीनवर आणायचं, मग चुना घालून सामू आठ-नऊपर्यंत न्यायचा आणि गाळ काढायचा. टॅनिनमधले फेनॉल गट इलेक्ट्रॉन देतात, म्हणून टॅनिन असलेली साल पहिल्या पायरीवरच्या रसायनाची जागा घेऊ शकते. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलं जातं ते त्यांच्यातल्या टॅनिनमुळेच. जगातल्या बहुतेक चर्मोद्योगाने टॅनिन सोडून क्रोमियमची कास धरली आणि नद्यांत क्रोमियम आलं. आता ते काढायला पुन्हा टॅनिनवाल्या साली शोधायच्या, हा उलटा प्रवास मला गमतीचा वाटतो.

हे सगळं नवं नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या कृषी खात्याच्या प्रयोगशाळांत पारा आणि इतर धातू काढण्यासाठी शेतातले टाकाऊ पदार्थ, झाडांच्या साली आणि शेंगदाण्याची साल यांची तपासणी चालू होती. त्याआधी जपानमध्ये मिनामाता इथे पाऱ्याने आणि जिंझू नदीच्या काठी कॅडमियमने माणसं मेली होती, त्यामुळे विषय तातडीचा होता. पुढे त्याच खात्याच्या न्यू ऑर्लिन्सच्या केंद्रात वेन मार्शल यांनी सोयाबीनच्या टरफलांना सायट्रिक आम्ल जोडून त्यांची पकड वाढवली. कॅनडात मॅकगिल विद्यापीठात बोहुमिल व्होलेस्की यांनी समुद्री शेवाळांवर आयुष्य घालवलं. आणि २०११ मध्ये ब्राझीलमध्ये केळीच्या सालीचा भुगा पाराना नदीच्या पाण्यातलं तांबं आणि शिसं धरायला वापरला गेला. ती साल अकरा वेळा वापरली तरी कामाला येत होती. बातम्यांत याचं ‘केळीच्या सालीने पाणी शुद्ध’ असं झालं. त्या संशोधकांना मुख्यतः नदीतले अगदी सूक्ष्म प्रमाणातले धातू एकत्र करून मोजणं सोपं करायचं होतं. साल त्यांच्या हातात मोजमापाचं साधन होती. बातमीने तिला गाळणी करून टाकलं.

यामुळेच कुणी माठात केळीची साल टाकू नये. कच्च्या सालीतून साखर, रंग, टॅनिन पाण्यात उतरतं, त्यावर जिवाणू वाढतात आणि पाणी सडतं. किती शिसं गेलं, हे घरी कळायचा मार्ग नाही. पिण्याच्या पाण्यात शिशाची भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे एक लाख लिटरच्या टाकीत एक ग्रॅम. इतक्या खालपर्यंत पोचलो की नाही, हे प्रयोगशाळेतलं यंत्रच सांगू शकतं. भाताच्या तुसाची राख आपल्याकडच्या घरांत पोचली खरी. पुण्यात हडपसरला टाटांच्या संशोधन केंद्राने ‘सुजल’ गाळणी तयार केली आणि तिच्या वाटेनेच २००९ मध्ये ‘टाटा स्वच्छ’ आली. पण त्यांचं काम जंतू अडवण्याचं होतं, धातू काढण्याचं नव्हे.

आता कारखान्याकडे वळू. समजा, एका युनिटमधून रोज एक लाख लिटर पाणी निघतं आणि त्यात लिटरला ५ मिलिग्रॅम शिसं आहे. म्हणजे रोज अर्धा किलो शिसं. एक ग्रॅम कोरडी साल प्रत्यक्षात २० मिलिग्रॅम धरते असं मानू. तर रोज २५ किलो कोरडी साल लागेल. केळीची साल जवळजवळ सगळी पाणीच असते, म्हणून ओली साल दोनशे किलोंच्या वर. ती गोळा करायची, धुवायची, वाळवायची, दळायची, चाळायची. महिन्याला पाऊण टन कोरडा भुगा. हा आकडा अशक्य नाही, पण फुकटही नाही.

शिवाय प्रयोगशाळेतलं पाणी आणि कारखान्यातलं पाणी यांत जमीन-अस्मानाचा फरक. प्रयोगात बहुधा ऊर्ध्वपातित पाण्यात एकच धातू विरघळवलेला असतो. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम लिटरला शेकडो मिलिग्रॅमपर्यंत जातं. शिशाची पकड घट्ट असली, तरी समोर शेकडोपट गर्दी असली की जागा विभागल्या जातात. प्लेटिंगच्या पाण्यात तर सायनाइडसारखी रसायनं असतात. ती धातूला चहूबाजूंनी वेढून टाकतात आणि मग सालीला तो धातू दिसतच नाही. तेल असतं, साबण असतो, दर तासाला सामू बदलतो. रेझिन बनवणारी कंपनी वर्षभर एकाच दर्जाचा माल देते. केळीची साल मात्र जातीनुसार, पिकण्यानुसार, ऋतूनुसार बदलते. युनिटच्या मालकाच्या डोक्यावर प्रदूषण नियंत्रण मंडळाची मर्यादा असते. त्याला सरासरीत रस नसतो, वाईटात वाईट दिवशी काय होईल याची त्याला चिंता असते.

‘टाकाऊ’ शब्दही जरा जपून वापरायला हवा. साखर कारखाने चिपाडं बॉयलरमध्ये जाळून वीज करतात आणि ती विकतात. भाताच्या तुसाला भट्ट्यांचं गिऱ्हाईक असतं. भुईमुगाची टरफलंही जळण म्हणून खपतात. जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडची केळी ट्रकांतून सालीसकटच बाहेर जाते. साल उरते ती शहरोशहरीच्या कचऱ्याच्या डब्यांत, चिमूटचिमूट. बागेत उरतात ती खोडं. ती अवाढव्य, पण पाण्याने भरलेली आणि वाहून न्यायला जड. त्यातल्या त्यात साल एका जागी मिळते ती रस काढणाऱ्या आणि वेफर्स बनवणाऱ्या कारखान्यांत. सागाच्या संशोधकांनी घरोघरची संत्री सोडून रस काढून उरलेला चोथा घेतला, त्यात शहाणपण होतं.

आणि मग शेवटचा, सर्वांत अवघड प्रश्न. साल धातू नष्ट करत नाही, एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवते. शिशाने भरलेली साल घातक कचरा असते. ती उकिरड्यावर टाकली, तर कुजून आम्ल तयार होईल आणि शिसं पुन्हा पाण्यात जाईल. जाळली, तर राखेत आणि धुरात. महाराष्ट्रात अशा कचऱ्यासाठी तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी अशी ठिकाणं आहेत आणि तिथे टनावर पैसे मोजावे लागतात. सौम्य आम्लाने धुऊन धातू काढता येतो, साल पुन्हा वापरता येते, पण प्रत्येक धुण्यात ती झिजते आणि ते आम्ल कुठे टाकायचं, हा प्रश्न उरतोच. चुना घालून गाळ काढण्याच्या जुन्या पद्धतीतही घातक गाळ निघतो, हे खरं. म्हणून मला तरी सालीची योग्य जागा शेपटाकडे वाटते. चुन्याने लिटरला शेकडो मिलिग्रॅमवरून एक-दोनपर्यंत आणावं आणि तिथून पुढचा जो शेवटचा, चुन्याला न जमणारा टप्पा आहे, तो सालीवर सोडावा. तिथे धातू थोडा, साल थोडी, कचराही थोडा. सोनं किंवा पॅलेडियम पकडायचं असेल, तर मात्र गणित पार बदलतं. मग साल जाळून टाकायलाही हरकत नाही, राखेतच माल असतो. इलेक्ट्रॉनिक कचऱ्यातलं सोनं टॅनिनवाल्या फळांच्या उरलेल्या चोथ्याने काढायचे प्रयोग जपानमध्ये याच हिशेबाने झाले.

प्रयोगशाळेबाहेर वनस्पतींचा टाकाऊ माल धातूंसाठी प्रत्यक्ष वापरला जातो, पण तो थोड्या अनपेक्षित ठिकाणी. अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात रस्त्यांवर पडलेल्या पानगळीचं कंपोस्ट करून त्याच्या गोळ्या पावसाच्या पाण्याच्या गाळण्यांत भरल्या गेल्या. रस्त्यावरून वाहणाऱ्या पाण्यात गाड्यांच्या टायरांतलं जस्त आणि ब्रेकमधलं तांबं असतं. प्रमाण कमी, पाणी सायनाइडविना, आणि पानं तिथलीच, वाहून आणायची गरज नाही. कंपोस्ट झालेली पानं आणखी फारशी कुजत नाहीत, म्हणून कच्च्या सालीचा मोठा दोषही टळतो.

दुसरं ठिकाण त्याहून मोठं. मिसुरी राज्यात वेस्ट फोर्क नावाची शिशाची खाण आहे. तिथलं पाणी मिनिटाला सुमारे साडेचार हजार लिटर या वेगाने बाहेर पडत होतं आणि त्यात लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास शिसं होतं. १९९६ मध्ये तिथे मोठे वाफे खणले. त्यात लाकडाचा भुसा, कुजलेलं शेणखत, लसूणघास आणि चुनखडीचा चुरा भरला आणि खाणीचं पाणी त्यातून सोडलं. इथे भुशाने शिसं पकडावं, ही मुख्य अपेक्षा नव्हतीच. तो सडावा, अशी अपेक्षा होती. भुसा आणि शेण खाऊन हवाबंद चिखलात काही जिवाणू वाढतात आणि पाण्यातल्या सल्फेटचं सल्फाइड करतात. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो त्याचाच. सल्फाइड भेटलं की शिसं झटकन घट्ट होऊन खाली बसतं. पाण्यातलं शिसं साधारण दहापट खाली आलं. वीज नाही, पंप नाही, रोज रसायन ओतायला माणूस नाही. पेन्सिल्वेनियात कोळसा खाणींच्या आम्ल पाण्यासाठीही याच जातीचे तलाव आहेत, आणि त्यांत भर असते ती अळंबीच्या शेतीतून उरलेल्या कंपोस्टची.

वेस्ट फोर्कच्या चिखलात तयार झालेलं शिशाचं सल्फाइड म्हणजे गॅलेना, तेच खनिज ज्यासाठी ती खाण मुळात खोदली होती. ते तिथे नुसतं पडून राहतं. मात्र वाफा सतत पाण्याखाली आणि हवेपासून दूर ठेवावा लागतो. तो कोरडा पडला, तर सल्फाइडचं पुन्हा सल्फेट होईल आणि शिसं सुटेल. भुसा संपत आला की नवा भरावा लागतो आणि जुना चिखल उपसून कुठेतरी न्यावा लागतो. तो खर्च कुणी करायचा, हे खाण चालू असताना लिहून घेतलेलं बरं.